उमेदवार हटतो, मतदार कुठे जातो?

सलग पाच वेळा निवडून आलेल्या खासदारांचे नाव यंदा मतदान यंत्रावर नसेल, हे वाशिम जिल्ह्यातील मतदारांना एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात कळले. भावना गवळी १९९९ आणि २००४ मध्ये वाशिम मतदारसंघातून, तर पुनर्रचनेनंतर २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये यवतमाळ-वाशिममधून लोकसभेवर गेल्या होत्या. शिवसेना फुटल्यावर त्या एकनाथ शिंदे यांच्यासोबत राहिल्या. झाशीच्या राणीचा दाखला देत मतदारसंघ सोडणार नाही, असेही त्यांनी उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी सांगून ठेवले होते. तरीही अर्ज भरण्याची मुदत संपत आली तेव्हा उमेदवारी मिळाली ती शेजारच्या हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना. हिंगोलीत खुद्द हेमंत पाटील यांचे नाव पक्षाने आधी जाहीर केले होते. ते मागे घेऊन तेथे बाबुराव कदम कोहळीकर यांना उभे करण्यात आले. एका मतदारसंघातील जाहीर उमेदवार हटला, दुसऱ्यातील विद्यमान खासदार हटल्या आणि या अदलाबदलीत मतदाराला कोणी काही विचारले नाही.

तसे विचारण्याची आपल्याकडे सोयच नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे ठरवण्यासाठी राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका होतात आणि त्यांत सामान्य मतदार मत देतो. त्यामुळे एखादा इच्छुक शर्यतीतून बाहेर पडला की त्याच्या मतदारांचे पुढे काय, हा प्रश्न तिथे उघडपणे चर्चिला जातो. मार्च २०२० मध्ये पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी अनेक राज्यांतील एकत्रित मतदानाच्या अगदी तोंडावर माघार घेतली. ज्यांनी मुदतपूर्व मतदानाच्या सवलतीचा लाभ घेऊन त्यांना आधीच मते देऊन टाकली होती, त्यांची मते बहुतेक ठिकाणी वाया गेली. २०२४ मध्ये तर जो बायडेन यांनी प्राथमिक फेऱ्या संपल्यावर, २१ जुलैला माघार घेतली. कोट्यवधी मतदारांनी त्यांना दिलेला कौल पक्षाच्या प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांच्या पारड्यात टाकला. त्यावर तिथल्या मतदारांत नाराजी होती, तसा सुटकेचा निःश्वासही होता. पण निदान आपण कोणाला मत दिले होते आणि ते कुठे गेले, याचा हिशेब त्यांच्याजवळ होता.

आपल्याकडे या टप्प्याला 'तिकीट' म्हणतात आणि ते वरून येते. काँग्रेसने २०१४ मध्ये देशातील काही मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत निवडणूक घेऊन उमेदवार ठरवण्याचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात त्यासाठी यवतमाळच्या शेजारचे वर्धा आणि मराठवाड्यातील लातूर निवडले होते. मतदार होते ते पक्षाचे पदाधिकारी, गावातला माणूस नव्हे. दोन्ही जागा काँग्रेसने गमावल्या आणि प्रयोग तिथेच विरला.

म्हणून उमेदवार हटण्याचे आपल्याकडचे प्रकार वेगळे आहेत. तिकीट कापले जाते, अर्ज छाननीत बाद होतो, अर्ज मागे घेतला जातो किंवा नाव यंत्रावर कायम असताना उमेदवार 'बसतो'. कायद्याला यांतले मधले दोनच प्रकार ठाऊक आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसानंतर दुसऱ्याच दिवशी छाननी होते आणि त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. तो दिवस सुट्टीचा असेल तर मुदत पुढच्या दिवसावर जाते. त्या दिवशी दुपारी तीनच्या आत लेखी सूचना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. एकदा दिलेली ही सूचना परत घेता येत नाही. तीन वाजून गेल्यावर मात्र नाव यंत्रावर पक्के होते. नंतर कोणी पत्रकार परिषद घेऊन दुसऱ्याला पाठिंबा जाहीर केला तरी त्याच्या नावापुढचे बटण कामच करत राहते आणि त्याला पडलेली मते मोजलीही जातात. यवतमाळ-वाशिममध्ये २०२४ साली हा दिवस होता ८ एप्रिल. मतदान २६ एप्रिलला होते. नवे नाव, नवा चेहरा आणि नवी समीकरणे पचवायला मतदाराला तीन आठवडेही मिळाले नाहीत.

या तीन आठवड्यांत वाशिमच्या मतदारापुढे आलेला पेच वरवर दिसतो त्याहून गुंतागुंतीचा होता. २०१९ मध्ये त्याने भावना गवळींना मत दिले तेव्हा त्या एका मतात तीन गोष्टी सामावलेल्या होत्या : ओळखीचे नाव, धनुष्यबाण हे चिन्ह आणि 'मातोश्री'वरची निष्ठा. कोणती किती वजनाची, हे वेगळे काढण्याची गरजच कधी पडली नव्हती. २०२४ मध्ये तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या झाल्या. नाव यंत्रावरून गेले. धनुष्यबाण राजश्री पाटील यांच्यापुढे आला. 'मातोश्री'चा उमेदवार, म्हणजे दिग्रसचे माजी आमदार आणि माजी राज्यमंत्री संजय देशमुख, मशाल घेऊन उभा होता. गवळींचे नाव राहिले असते तर कदाचित बऱ्याच घरांत सवयीने तेच बटण दाबले गेले असते. नाव गेल्यामुळे प्रत्येकाला नव्याने विचार करावा लागला. उमेदवार बदलणारे पक्ष नेमकी हीच गोष्ट विसरतात, असे वाटते. नाराजी टाळायची म्हणून चेहरा बदलला जातो, पण त्यामुळे सवयीने मिळणारे मतही पुन्हा विचाराला मोकळे होते.

शिवाय या निवडणुकीतून हटलेले नाव एकच नव्हते. वंचित बहुजन आघाडीने २०१९ मध्ये येथे ९४ हजारांहून अधिक मते घेतली होती. २०२४ मध्ये आघाडीने आधी जाहीर केलेला उमेदवार बदलला आणि ज्यांना नंतर संधी दिली त्या अभिजित राठोड यांचा अर्ज छाननीत बाद झाला. म्हणजे गेल्या वेळी ज्या चिन्हाला जवळपास लाखभर मते पडली, तो पर्यायही यंत्रावर उरला नाही.

आता आकडे पाहू. २०१९ मध्ये गवळींना ५ लाख ४२ हजार ९८ मते मिळाली होती आणि काँग्रेसचे माणिकराव ठाकरे १ लाख १७ हजार ९३९ मतांनी पराभूत झाले होते. २०२४ मध्ये संजय देशमुख यांना ५ लाख ९४ हजार ८०७, तर राजश्री पाटील यांना ५ लाख ३३४ मते पडली. देशमुख ९४ हजार ४७३ मतांनी निवडून आले. गवळींच्या आणि पाटील यांच्या मतांतला फरक सुमारे ४२ हजारांचा आहे. ठाकरे आणि देशमुख यांच्यातला फरक मात्र १ लाख ७० हजारांवर जातो. तिकीट कापल्यामुळेच महायुती हरली, असे जे निकालानंतर सांगितले गेले, ते या आकड्यांवरून अर्धेच खरे ठरते. ४२ हजारांची घट सगळीच नावाच्या बदलामुळे झाली असे मानले, तरी ती भरून निघून पराभव टळत नाही. फुटीनंतर ठाकरेंकडे राहिलेला शिवसैनिक, काँग्रेस-राष्ट्रवादीची आयती मते, वंचितच्या अनुपस्थितीत मोकळा झालेला मतदार आणि कापूस-सोयाबीनच्या भावावरून शेतकऱ्यांत असलेला राग, हे सारे दुसऱ्या बाजूला एकत्र आले. उलट टोकाला जाऊन नावाचा काहीच परिणाम झाला नाही, असेही म्हणता येत नाही. मतदान २०१९ पेक्षा थोडे वाढून ६३ टक्क्यांच्या आसपास गेले. आपला उमेदवार नाही म्हणून मतदार घरी बसला, हे स्पष्टीकरण त्यामुळे येथे पुरत नाही.

आजूबाजूला पाहिले तर चित्र अधिक बोलके होते. शिंदे यांच्या शिवसेनेने रामटेकमध्येही विद्यमान खासदार कृपाल तुमाने यांना डावलून काँग्रेसमधून आलेल्या राजू पारवे यांना उभे केले. ती जागा गेली. हिंगोलीत कोहळीकर एक लाखाहून अधिक मतांनी हरले. वाशिमला लागून असलेल्या बुलडाण्यात मात्र विद्यमान खासदार प्रतापराव जाधव यांनाच कायम ठेवले आणि ते निवडून आले. अर्थात तिथे रविकांत तुपकर यांनी अपक्ष म्हणून सुमारे अडीच लाख मते घेतल्यामुळे विरोधी मते विभागली, हे विसरून चालणार नाही. रामटेकची आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचे जात प्रमाणपत्र रद्द होऊन त्यांचा अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार म्हणून अर्ज भरलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे रिंगणात राहिले आणि जिंकले. एकाच मतदारसंघात दोन्ही बाजूंची नावे बदलली. एका बदलाकडे मतदारांनी अन्याय म्हणून पाहिले, दुसऱ्याकडे पक्षाची सोय म्हणून. हटण्याचे कारण काय आणि हटवले कोणी, हे मतदार बघतो, असा निष्कर्ष काढायला येथे जागा आहे.

बाहेरचा उमेदवार म्हणून वाशिमने पाटील यांना नाकारले, असेही एक मत त्या वेळी मांडले गेले. जुन्या मतदारांना त्यावर हसू आले असेल. १९८० आणि १९८४ मध्ये याच वाशिमने थेट काश्मीरच्या गुलाम नबी आझाद यांना लोकसभेवर पाठवले होते. तेव्हा तिकीट दिल्लीहून येई आणि पंजा पाहून मत पडे. पुढे चार दशकांत पिता पुंडलिकराव गवळी आणि नंतर भावना गवळी यांच्या रूपाने मतदारसंघाला गावातल्या लग्नाला, तेराव्याला येणाऱ्या खासदाराची सवय झाली. ही सवय लागल्यानंतर बाहेरचे नाव खटकू लागते.

पर्यायच उरला नाही तर मतदार काय करतो, याचे उत्तर त्याच निवडणुकीत इंदूरने दिले. काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिल २०२४ रोजी, माघारीच्या अखेरच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपच्या गोटात गेले. पक्षाला दुसरा उमेदवार देता येईना. तेथे २ लाख १८ हजार ६७४ मतदारांनी 'नोटा'चे बटण दाबले. भाजपचे शंकर लालवानी १२ लाखांहून अधिक मते घेऊन जिंकले आणि 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर राहिला. महाराष्ट्राला हा अनुभव त्याआधीच आला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीतून भाजपचे मुरजी पटेल यांनी माघार घेतली. ऋतुजा लटके सहज निवडून आल्या, पण मतदान ३२ टक्क्यांच्या आतच थांबले आणि १२ हजार ८०६ मते घेऊन 'नोटा' तिथेही दुसरा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने मिळालेल्या या बटणाचा लोकसभा-विधानसभेच्या निकालावर कायद्याने काहीही परिणाम होत नाही. सुरतमध्ये तर २०२४ साली तेवढेही मिळाले नाही. काँग्रेसचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध झाल्याने मतदानच झाले नाही. उमेदवार एकच उरला की यंत्रच लागत नाही, मग 'नोटा' कुठून असणार?

हटलेल्या उमेदवारांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मतदार दुखावला असेल, पण नेत्यांची सोय लागली. गवळी आणि तुमाने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेवर गेले, हेमंत पाटील ऑक्टोबरमध्ये राज्यपालनियुक्त आमदार झाले. लोकसभेत पडलेले कोहळीकर नोव्हेंबरमध्ये हदगावमधून विधानसभेवर निवडून आले.

गवळींची खरी परीक्षा त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांच्या घरच्या रिसोडमध्ये झाली. रिसोड वाशिम जिल्ह्यात असले तरी लोकसभेसाठी ते अकोल्याला जोडलेले आहे. म्हणजे २०१९ मध्ये किंवा त्याआधीच्या दोन निवडणुकांत रिसोडच्या मतदारांनी त्यांना खासदार म्हणून मत दिलेलेच नव्हते. उमेदवारी नाकारली गेल्याबद्दलची सहानुभूती येथे उपयोगी पडेल, ही अपेक्षा या तपशिलाकडे काणाडोळा करणारी होती. त्यातून महायुतीतच पेच पडला. माजी खासदार अनंतराव देशमुख यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला होता. २०१९ मध्ये ते याच रिसोडमध्ये काँग्रेसच्या अमित झनक यांच्याकडून अगदी थोडक्या मतांनी हरले होते. ४ नोव्हेंबर २०२४ ही माघारीची अखेरची तारीख होती. त्या दिवशी राज्यभर बंडखोरांच्या घरी मनधरणीच्या फेऱ्या चालल्या होत्या. मनोज जरांगे पाटील यांनी आपल्या समर्थकांना अर्ज मागे घ्यायला सांगितले, कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या मधुरिमाराजे छत्रपती यांनी शेवटच्या क्षणी माघार घेऊन स्वतःच्याच पक्षाला तोंडघशी पाडले. रिसोडमध्ये मात्र दुपारचे तीन वाजून गेले तरी अनंतरावांचे नाव यादीत होते. २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली तेव्हा झनक सहा हजारांवर काही मतांनी पुन्हा निवडून आले. अनंतराव दुसऱ्या आणि गवळी तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या.