नारळ उभा राहिला, पण पाणी लागलं का?

नळदुर्गहून उमरग्याकडे जाताना महामार्गावर जळकोट लागतं. ऊन तापायला लागलं की या पट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात, आणि गाडीच्याही आधी शेतात पोचतो तो पाण्याची जागा सांगणारा पाणाड्या. तळहातावर नारळ, नाहीतर हातात बेचक्याची काडी.

गैरसमज : जमिनीखाली झरे नदीसारखे वाहतात, नेमका ‘पॉइंट’ सापडला की झालं.
आपल्या पायाखाली बेसाल्टचे थरावर थर आहेत. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहत नाही. ते असतं वरच्या मुरमात, भेगांत, मांजऱ्या दगडात आणि दोन थरांच्या सांध्यात. ओढ्याकाठच्या सखल रानात डोळे मिटून बोट ठेवलं तरी बहुधा थोडीफार ओल लागते. श्रेय नारळाला जातं.

गैरसमज : नारळ आपोआप उभा राहतो, म्हणजे काहीतरी शक्ती आहेच.
काडी खरोखर वळते, आणि सगळे पाणाडे लबाड नसतात, हे आधी मान्य करू. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्याने १८५२ मध्येच मांडलं. तोलून धरलेल्या वस्तूला तेवढी हालचाल पुरते.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये याची परीक्षाच झाली. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याची नळी इकडेतिकडे सरकवायची आणि पाणाड्याने वरच्या मजल्यावरून ती कुठे आहे ते सांगायचं. सुमारे ५०० जणांतून सरस ४३ निवडले, ८४३ चाचण्या घेतल्या. प्रयोग करणाऱ्यांना काही जणांत कसब दिसलं. जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा अंदाजपंचे उत्तरांपेक्षा वेगळं काही निघालं नाही. (‘ओ पॉझिटिव्ह’ रक्तगटालाच पाणी कळतं, असंही सांगतात. तो गट तर आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतो.)

गैरसमज : आमच्या पाणाड्याचा शब्द खाली पडत नाही.
खरी मेख इथे आहे. बोअर लागला की पारावर चर्चा, पेढे. फेल गेला की तोंडावर दगड ठेवायचा आणि म्हणायचं, नशिबातच नव्हतं. गुण पाणाड्याचा, दोष नशिबाचा. असा हिशेब मांडल्यावर पाणाड्या चुकणार कधी? नारळ न फिरवता मारलेले शेजारचे बोअर किती लागले, हे कुणी विचारत नाही. मार्चमधली दोन इंची धार मे महिन्यात किती उरली, हेही नाही.

गैरसमज : मग जुनी माणसं सांगायची ते सगळं थोतांड.
तसंही नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त झाडं, वारुळं, माती पाहून पाणी शोधण्यावर अख्खं प्रकरण आहे. त्यातलं सगळंच टिकणारं नाही. पण ऐन उन्हाळ्यात हिरवागार राहिलेला उंबर खालच्या ओलीची खूण असू शकतो, आणि ती खूण पडताळता येते.

गैरसमज : अजून शंभर फूट गेलो की पाणी.
खोल जाल तशा भेगा कमी होत जातात, कर्ज वाढत जातं. राज्याच्या भूजल कायद्यानेही ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तपासणी करून घेतली तरी ती शक्यता सांगते, हमी देत नाही. बोअर कोरडा जाईल हे धरूनच खर्चाची जुळणी करावी लागते. तशी केली की काही रानांत उत्तर सरळ निघतं : इथे ऊस नको, तूर-हरभराच बरा.