जुन्या व्ही-८ एंजिनासाठी बदली कॅमशाफ्टची निवड

१९६४ सालच्या पाँटियाक जीटीओपासून पुढे सात-आठ वर्षे अमेरिकेतील कारखान्यांत एक चढाओढ चालली होती. मध्यम आकाराच्या दोनदारी मोटारीत मोठ्यात मोठे व्ही-८ एंजिन बसविण्याची ती चढाओढ होय. तीतून निघालेल्या मोटारींना ‘मसल कार’ हे नाव पडले. आज या मोटारींचे वय पन्नास वर्षांच्या पुढे गेले आहे. त्यांपैकी एखाद्या मोटारीचे एंजिन उघडले आणि कॅमचे उंचवटे झिजलेले आढळले, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : नवा कॅमशाफ्ट कोणता घ्यावा? विक्रेत्यांच्या सूचीत शेकडो प्रकार असतात, आणि ज्याच्यापुढे अश्वशक्तीचा आकडा मोठा त्याच्याकडे मन ओढ घेते. ही ओढ बहुधा चुकीची का ठरते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच एंजिन समोर ठेवू. १९६७ च्या कॅमारो मोटारीत प्रथम आलेले शेव्हरोलेचे ३५० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे हे एंजिन आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ४ इंच असून दट्ट्याची धाव ३.४८ इंच आहे.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. झडप किती उचलावयाची, किती अंशांपर्यंत उघडी ठेवावयाची, आणि शोषण व निष्कास यांच्या उंचवट्यांच्या मध्यांत किती कोन राखावयाचा, हे सर्व त्याच्या आकारात कोरलेले असते. जाहिरातीत उचल ठळक अक्षरांत छापतात. परंतु एंजिनाच्या स्वभावावर सर्वांत अधिक परिणाम करणारी घटना बहुधा कोष्टकाच्या कोपऱ्यात दडलेली असते. ती म्हणजे शोषण झडप मिटण्याचा क्षण. दट्ट्या तळाशी पोचून वर येऊ लागला तरी ही झडप काही काळ उघडीच असते. एंजिन वेगाने फिरत असेल तर आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःचा जोर असतो आणि वर येणाऱ्या दट्ट्याला न जुमानता ते आत शिरत राहते. एंजिन मंद फिरत असेल, तर तोच दट्ट्या त्यातील काही भाग आल्या वाटेने परत ढकलतो. झडप उशिरा मिटविणे म्हणजे वरच्या वेगावरील लाभासाठी खालच्या वेगावरील भरणा सोडून देणे होय.

किती सोडून द्यावे लागते, हे साध्या भूमितीने काढता येते. या एंजिनाचा कनेक्टिंग रॉड ५.७ इंचांचा आहे. शोषण झडप तळानंतर ६० अंशांवर मिटत असेल, तर दट्ट्याच्या धावेपैकी सुमारे ८१ टक्के भाग खऱ्या संपीडनासाठी उरतो. ७५ अंशांवर मिटत असेल, तर ७० टक्केच उरतो. १९६९ चे ३०० अश्वशक्तीचे एंजिन १०.२५ संपीडन गुणोत्तराचे होते. त्यात पहिल्या कॅमने परिणामी गुणोत्तर ८.५ च्या आसपास येते, दुसऱ्याने ७.५. म्हणजे काही हानी झाली, पण एंजिन तग धरते. १९७१ मध्ये कमी शिशाच्या इंधनासाठी जनरल मोटर्सने संपीडन उतरविले आणि याच एंजिनाचे गुणोत्तर ८.५ झाले. या दुसऱ्या एंजिनात तेच दोन कॅम घातले, तर आकडे अनुक्रमे ७.१ आणि ६.३ येतात. मुळात मवाळ असलेले एंजिन येथे मंद वेगावर अक्षरशः मरगळते. दोन्ही एंजिनांवर ‘३५०’ हाच आकडा असल्यामुळे शेजाऱ्याच्या मोटारीत शोभलेला कॅम आपल्याही मोटारीत शोभेल असे मानणारे फसतात, ते याच ठिकाणी.

आता एंजिन प्रत्यक्षात कोणत्या वेगावर चालते ते पाहू. मागील आसाचे गुणोत्तर ३.०८ आणि टायरचा व्यास २७ इंच धरला, तर वरच्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांना, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरना, एंजिन मिनिटास २,३०० फेरे घेते. आस ३.७३ चा असला तरी २,८०० च्या आतच. गावातील वाहतुकीत हा आकडा याहूनही खाली राहतो. जो कॅम ३,००० च्या वर जागा होतो, तो अशा मोटारीत बहुतेक वेळ झोपलेलाच असणार.

हे कारखान्याला ठाऊक नव्हते असे नाही. वरील ३०० अश्वशक्तीच्या एंजिनात शेव्हरोलेने जो कॅम घातला, त्याचा अवधी ०.०५० इंच उचलीवर मोजल्यास शोषणासाठी १९५ व निष्कासासाठी २०२ अंश भरतो. झडपांची उचल ०.३९० व ०.४१० इंच. ३२७ घन इंचांच्या ३५० अश्वशक्तीच्या एंजिनातील कॅम दोन्ही बाजूंस २२२ अंशांचा होता. १९६७ ते १९६९ च्या झेड-२८ मोटारीतील कॅम तर २५४ अंशांचा होता. परंतु त्या मोटारीचे संपीडन ११ होते, गिअर हाताने बदलावयाचे आणि आस ३.७३ चा होता. ती शर्यतीसाठीच सिद्ध केलेली मोटार होती. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जाहिरातीतील अवधी प्रत्येक उत्पादक वेगवेगळ्या उचलीपासून मोजतो. म्हणून तुलना करावयाची ती ०.०५० इंचावरील आकड्यांचीच. आमच्या मते ८.५ संपीडन, स्वयंचलित गिअर आणि ३.०८ चा आस असलेल्या मोटारीस २०५ ते २१५ अंशांपलीकडे जाण्याचे कारण नाही. शंका वाटल्यास लहान कॅम घ्यावा.

उंचवट्यांतील कोनाविषयी थोडेच सांगणे पुरे. तो ११० ते ११४ अंश असला, तर दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ कमी होतो आणि मंद चालीत एंजिन स्थिर राहते. १०६-१०८ अंशांना ते धडधडू लागते. पुष्कळांना हा धडधडाट आवडतो! परंतु त्याच वेळी शोषण नलिकेतील निर्वात घटतो, आणि ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर याच निर्वातावर चालतो. पाऱ्याच्या १५ इंचांखाली तो जाऊ लागला, तर चौकात दुसऱ्यांदा ब्रेक दाबताना पाय जड लागतो. दीड टनाच्या मोटारीत ही बाब केवळ आवडीनिवडीची राहत नाही.

निवड बरोबर होऊनही कॅम पहिल्या अर्ध्या तासात नष्ट होऊ शकतो. या एंजिनांतील टॅपेट चपट्या तळाचे असतात. तळ किंचित फुगीर आणि उंचवटा किंचित उतरता घासलेला असल्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की दोन्ही पृष्ठे एकमेकांना खरवडतात. येथे संरक्षण देतो तो तेलातील जस्त व फॉस्फरस यांचा संयुग. तथापि निष्कासातील उत्प्रेरक खराब होऊ नये म्हणून २००४ च्या एपीआय एसएम मानकाने नेहमीच्या पातळ तेलांतील फॉस्फरस ०.०८ टक्क्यापर्यंत मर्यादित केला. नव्या मोटारींना ते पुरते. या जुन्या एंजिनांसाठी अधिक जस्ताचे तेल मुद्दाम घ्यावे लागते. जुने टॅपेट नव्या कॅमवर कदापि बसवू नयेत, कारण प्रत्येक टॅपेट आपल्या उंचवट्याशी जुळून झिजलेला असतो. उंचवट्यांना मॉलिब्डेनमचा लेप द्यावा, तेलाचा दाब आधीच भरून घ्यावा, आणि एंजिन सुरू होताच ते मंद चालीत न ठेवता २,००० ते २,५०० फेऱ्यांवर वीस ते तीस मिनिटे चालवावे. मंद चालीत कॅमवर उडणारे तेल अपुरे पडते. स्प्रिंगा दुहेरी असतील, तर या वेळेपुरती आतली काढून ठेवणे चांगले.

रोलर टॅपेटचा कॅम घेतल्यास ही धास्ती पुष्कळ अंशी टळते. शेव्हरोलेने याच घराण्यातील एंजिनांत तो १९८७ पासून घातला. परंतु जुन्या ब्लॉकमध्ये तो बसविणे खर्चाचे आहे. शिवाय उतरत्या उंचवट्यांमुळे चपट्या टॅपेटचा कॅम आपोआप मागे रेटला जातो, तसा हा जात नाही. म्हणून त्याला पुढून अडविणारी गुंडी लावावी लागते.

पहिली चाल संपल्यावर तेल काढून टाकावे, गाळणी कापून तिची घडी उलगडावी आणि तीवरून चुंबक फिरवावे. थोडी करडी भुकटी सुरुवातीस येतेच. चकाकणारे कण चिकटले, तर एंजिनाचा आवाज कितीही चांगला असो, ते पुन्हा सुरू न करता झडपांवरील झाकणे काढून प्रत्येक झडपेची उचल मोजावी. एखादी कमी भरली, तर तिचा उंचवटा गेला असे समजून बेअरिंगेही तपासावीत. कारण ते कण तेलाबरोबर तेथवर पोचलेले असतात, आणि मूळ क्रमांकाचा ब्लॉक दुसरा मिळत नाही.