बेट कुळांच्या मालकीचे झाले



घर आपलं, पण खालची जागा दुसऱ्याची असली, तर घर दुरुस्त करायला कुणाचा हात धजतो? कूळ म्हणून जमीन कसलेल्या जुन्या मंडळींना हे सांगायला नको. आज आम्ही सांगणार आहोत ती हकीकत मात्र दूरची आहे, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग नावाच्या बेटाची.

बेट सुमारे साडेसात हजार एकरांचे. वस्ती जेमतेम साठ-पासष्ट माणसांची. सारे बेट एका मालकाचे. मालक बदलत, पण लोकांची दशा बदलत नसे. अनेकांकडे भाडेपट्ट्याचा कागदसुद्धा नव्हता. उद्या निघा म्हटले तर जायचे कुठे? मग छप्पर गळले तरी दुरुस्तीला पैसा घालणार कोण? तरुण मंडळी बेट सोडून जात होती. 1995 साली बेट पुन्हा विकले गेले, तेव्हा लोकांनी ठरवले, आता आपणच घ्यायचे.

बेटावरची रहिवासी संघटना, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट या तिघांनी मिळून हेरिटेज ट्रस्ट उभा केला. वर्गणीसाठी हाक दिली. हजारो लोकांनी लहानमोठ्या रकमा पाठवल्या. एका बाईंनी नाव न सांगता मोठी देणगी दिली. 12 जून 1997 रोजी सुमारे 15 लाख पौंडांना विकत घेतलेले बेट ट्रस्टच्या ताब्यात आले.

पुढे काय केले, ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. लोकांना दीर्घ मुदतीचे पट्टे मिळू लागले आणि घरे दुरुस्त होऊ लागली. धक्क्यावर दुकान व चहाघर असलेली इमारत उभी राहिली. वीज तोवर घरोघरच्या डिझेल जनित्रावर होती. 1 फेब्रुवारी 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर चालणारी बेटाची स्वतःची वीज सुरू झाली.

पण वीज मर्यादित. म्हणून नियम केला : प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॅट, धंद्याला 10. त्यावर भार गेला की पुरवठा बंद! लहानमोठा भेद नाही. पाण्याच्या पाळीवरून बांधावर होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या नियमाचे मोल कळेल.

आज तिथली वस्ती शंभराच्या पुढे गेली आहे. गेलेल्यांची मुले परत येऊन घरे बांधतात. स्कॉटलंडमध्ये 2003 साली कायदा झाला आणि जमीन विक्रीस निघाल्यास नोंदणी केलेल्या ग्रामीण समाजाला ती घेण्याचा पहिला हक्क मिळाला.

आपल्याकडेही शेअर आहे आणि एका सभासदाला एक मत आहे. पण वार्षिक सभेला यायचे, सही करायची, चहा घ्यायचा आणि अहवाल न वाचताच घरी जायचे, याला मालकी म्हणत नाहीत. एगच्या लोकांनी मालकी पैसे देऊन घेतली आणि नियम पाळून टिकवली. आपली तर वाडवडिलांनी शेअर भरून आपल्या हाती दिली आहे. येत्या सभेला अहवाल वाचून या, आणि समजले नाही ते उभे राहून विचारा.