संगणकातील नवी स्मृतिपट्टी

खेळांच्या संगणकात ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ बसविणे वाटते तितके अवघड नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटास बहुधा ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते. नव्या साधनात फिरणारे काहीच नाही. सूक्ष्म कप्प्यांत विद्युद्भार कोंडून मजकूर राखला जातो. ही ‘नँड फ्लॅश’ स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. तिच्यामुळे खेळ झटपट उघडतो; पडद्यावरील चित्रांची गती मात्र फारशी वाढत नाही, हे आमच्या खेळाडू मित्रांनी आधीच जाणून असावे!

प्रथम वीजजोडणी काढावी व धातूस स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत घालवावी. ‘एम-टू’ जातीची पट्टी खाचेत तिरकी सरकवून हलकेच खाली दाबावी आणि लहानसा स्क्रू लावावा. मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिची ‘जीपीटी’ पद्धतीने मांडणी करावी. खरा धोका येथेच आहे. यादीत जुनी व नवी डिस्क शेजारीशेजारी दिसतात; जुनीच ‘फॉरमॅट’ झाली, तर खेळांबरोबर घरची छायाचित्रेही जातील. म्हणून नग आकारावरून ओळखावा आणि त्याआधीच सर्वाची एक प्रत अन्यत्र ठेवावी. आमच्या धारेत १९०३ साली मिळालेल्या शिळेवर मदन कवीच्या ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे चारांपैकी दोनच अंक आहेत. उरलेले दोन कोणासच वाचता आलेले नाहीत.

जुनी डिस्क लगेच पुसू नये. नव्या पट्टीवरून प्रत्येक फाइल उघडून पाहावी, मगच ती रिकामी करावी.