दालन उंबऱ्याबाहेरून सुरू व्हावे

नाशिकहून येवल्याला जाणारा रस्ता निफाडवरून जातो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मुक्तिभूमीला निघालेले आमचे लोक निफाडला चहापुरते थांबतात आणि पुढे जातात. याच निफाडमध्ये उद्या एखाद्या जुन्या वाड्यात स्त्रियांच्या इतिहासाचे दालन करायचे ठरले, तर त्यात कोणाच्या आया-आज्या दिसतील?

उत्तर ठरलेले आहे. पैठणी, नथ, जाते, पाळणा आणि नऊवारी नेसवलेला पुतळा! निफाड ही न्यायमूर्ती रानडे यांची जन्मभूमी, म्हणून रमाबाई रानडे यांचे छायाचित्र लागेल. ते लागलेच पाहिजे. घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकलेली ती बाई होती. खुद्द बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे जयंतीला भाषण केले होते. आमचा आक्षेप रमाबाईंना नाही, दालन तिथेच संपण्याला आहे.

वाड्याचा इतिहास जितका माजघरात, तितकाच उंबऱ्याबाहेर. सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन आलेली आमची आजी ज्या पायरीपाशी अडवली जाई, ती पायरी हाही पुरावाच आहे. म्हणून दालनाची सुरुवात दिवाणखान्यात नको, त्या पायरीवर व्हावी. पाहुण्याला आधी तिथे उभे करावे आणि मग आत घ्यावे.

पुतळ्याचेही तसेच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण ठरलेला पेहराव आणि दागिने टाकून द्या. आमच्या मायमाउल्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. तेव्हा ‘पारंपरिक वेशभूषा’ अशी पाटी लावून जुनेच नेसण मांडणे म्हणजे त्यांनी टाकलेली बेडी पुन्हा त्यांच्या पायात घालणे होय. शेजारी-शेजारी दोन लुगडी मांडा, आधीचे आणि नंतरचे. क्रांती म्हणजे काय, हे शाळकरी पोरीलाही समजेल.

मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दरवाजांवर सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली. तीत सुमारे १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या पंचवीस जणींपैकी किती नावे आपण सांगू शकतो? नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी आत्मकथन लिहिले म्हणून त्या आपल्याला ठाऊक. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सिद्ध केले, म्हणून आणखी काही जणी उरल्या. बाकीच्यांचे काय?

वास्तूची वाट पाहत बसलो तर काय होते, हे पुण्याच्या भिडेवाड्याने दाखवले. क्रांतिज्योती सावित्रीमाई आणि जोतीराव यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तो हा वाडा. न्यायालयीन वाद वर्षानुवर्षे चालला, वाडा मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. तिथे आता नवे स्मारक होईल, पण जुन्या भिंती परत येणार नाहीत. आणि फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध मात्र आजही वाचता येतो. कारण १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला. भिंत पडली, शब्द राहिला!

म्हणून बांधवांनो आणि भगिनींनो, दालनासाठी सरकारच्या निधीची वाट पाहू नका. निफाड तालुक्यात कांद्याच्या खळ्यावर निवडणी करून हात झिजवलेल्या म्हाताऱ्या आज वस्तीवस्तीत आहेत. त्यांच्यापाशी बसा. मोबाइलवर त्यांचा आवाज टिपा. ट्रंकेतला जुना फोटो काढा, त्यातल्या प्रत्येक बाईचे नाव विचारून कागदावर लिहून ठेवा. फोटो ओल आणि उन्हापासून जपा. उद्या दालन झाले तर एकाही चित्राखाली ‘अज्ञात महिला’ अशी पाटी लागता कामा नये.

त्या अज्ञात नव्हत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.