प्राजक्त दारी हवा!

वाडे गेले, अंगणे गेली. त्यांच्यामागोमाग प्राजक्तानेही जावे काय? सत्यभामेने हट्टाने स्वर्गातून आणविलेले हे झाड केवळ पुराणात उरावे, हे मनाला पटत नाही. लिनीअसने १७५३ साली नोंदविलेल्या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'दुःखी वृक्ष'! आपण मात्र पहाटेचा तो केशरी देठांचा सडा आनंदाने परडीत भरतो. भुईवर पडलेले फूल देवाला चालते, ते याचेच.

जागा नाही म्हणून हळहळू नका. दीड फूट खोल कुंडी आणि पाचसहा तासांचे ऊन पुरे. चपट्या फळातल्या दोन बिया पावसाळ्याच्या तोंडी पेराव्या, किंवा फांदी लावावी. कुंडीच्या बुडाला भोक हवेच. पाणी साचले की मुळे कुजतात. फुले नव्या फुटव्यांना येतात, म्हणून बहर सरल्यावर फाल्गुनात फांद्या छाटाव्या. मायेपोटी छाटणी टाळाल, तर झाड गॅलरीबाहेर झुकेल आणि फुले खालच्या बिऱ्हाडी पडतील. झाड सत्यभामेचे, फुले रुक्मिणीला! अर्थात, शेजारधर्म म्हणून तेही वाईट नव्हे.