डाळिंबाचा लाल रंग आणि आपलं रक्त

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

  एका प्रश्नापासून सुरुवात करू. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी आलं, तर सगळ्यात आधी काय आणलं जातं?

(श्रोत्यांतून : डाळिंब! बीट!)

बरोबर. पेशंटला भेटायला जाताना आपण मंडईतून डाळिंबं घेतो. बाळंतिणीला दाणे सोलून देतो. मुलगी दमतेय, चेहरा पांढरा दिसतोय, तर रोज ग्लासभर रस सुरू करतो. का? तर ते लाल आहे, रक्त वाढवतं. आज या समजुतीकडे जरा नीट बघू. डाळिंबावर माझा राग नाही, मी स्वतः भरपूर खाते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! तेव्हा कशाने रक्त वाढतं आणि कशाने नाही, हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

आधी रंगाचं बघू. इथे जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांना लहानपणचं डाळिंब आठवत असेल. ते कसं होतं? फिकट गुलाबी दाण्यांचं, गोड, मऊ बियांचं. ती 'गणेश' जात, आणि ती आपल्या पुण्याची. गणेशखिंडीच्या बागेत १९३६ मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी 'आळंदी' या जातीच्या झाडांमधून ती निवडली. आळंदीची बी कडक, गणेशची मऊ. पुढे अनेक वर्षं महाराष्ट्रातल्या बागा गणेशच्याच होत्या. आज बाजारात दिसतो तो गर्द लाल 'भगवा'. गणेशचा 'गुल-ए-शाह रेड' या परदेशी लाल जातीशी संकर केला, त्या संततीतून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तो पुढे आणला. ग्राहकाला लाल दाणा आवडतो, निर्यातीत तोच चालतो. आता गंमत बघा, डाळिंब गुलाबी होतं तेव्हाही आजी म्हणायची, खा, रक्त वाढतं!

हा रंग येतो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. त्यात लोहाचा संबंध नाही. घरी करून बघा. चमचाभर रसात चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल रंग जाऊन निळसर, काळपट होईल. लिंबू पिळा, पुन्हा लालीकडे येईल. रंग आंबटपणावर हलतो. रक्ताचा लाल रंग वेगळा, तो हिमोग्लोबिनमधल्या लोहाशी जोडलेला आहे.

मग डाळिंबात लोह किती? सर्वसाधारण तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ०.३ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे वाटीभर दाणे खाऊन गरजेच्या एक टक्का मिळालं. अजून एक हिशोब. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लोहाची गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं डाळिंबातून घ्यायचं तर किती दाणे लागतील? वीस किलो. (हशा) आणि त्याबरोबर पोटात जाणारी साखर, अडीच किलोच्या वर. हसतोय आपण, पण हिमोग्लोबिन आठवर आलेली मुलगी दोन महिने नुसता रस पीत बसते आणि गोळी तशीच राहते, तेव्हा ते दोन महिने वाया जातात.

आता विळीची गोष्ट. जुन्या लोखंडी विळीवर डाळिंब चिरलं, की पातं काळं पडायचं, बोटंही काळी व्हायची. आठवतंय? सालीत आणि आतल्या पांढऱ्या पडद्यात टॅनिन असतं. ते लोहाला धरून ठेवतं आणि काळा रंग तयार होतो. जुन्या काळी याच तत्त्वावर शाई करत. जेवणातलं लोहसुद्धा टॅनिन असंच अडवतं. म्हणून जेवणावर लगेच चहा नको म्हणतात. दाण्यांत टॅनिन कमी असतं, पण सालीसकट दाबून काढलेल्या रसात जास्त उतरतं. तो तुरटपणा जिभेला लगेच कळतो.

मग डाळिंब खायचं कशासाठी? त्यालाही भरपूर कारणं आहेत. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ८३ कॅलरी, ४ ग्रॅम तंतू, १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, शिवाय पोटॅशियम आणि फोलेट. तंतू मिळतात ते बी चावून खाल्ली तर. रस गाळला की चोथ्याबरोबर तेही गेले. आयुर्वेदातही डाळिंबाला मान आहे. आंबट पदार्थ बहुधा पित्त करतात, त्याला आवळा आणि डाळिंब हे अपवाद, असं वाग्भटाने सांगितलंय. तोंडाला चव नसते तेव्हा चार दाणे बरे वाटतात, हा तर सगळ्यांचा अनुभव.

स्वयंपाकात एकच नियम : दाणे शेवटी. दहीभाताला फोडणी द्या, ती निवू द्या, मग दाणे घाला. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि दही आधी, मीठ आणि डाळिंब पानं घेताना. नाहीतर पाणी सुटतं आणि दही गुलाबी होतं. दडपे पोहे, दाबेली, भेळ, सगळीकडे ते वरूनच. उकळलं की रंग तपकिरी होतो आणि क जीवनसत्त्वही घटतं. उत्तरेत छोल्यांत पडतो तो अनारदाणा वेगळा. हिमाचल आणि जम्मूच्या डोंगरांतल्या रानटी, आंबट डाळिंबांचे दाणे वाळवून तो करतात. तो आंबटपणासाठी, आपल्या आमसुलासारखा.

आणि आता आपल्या घरातलं दुसरं 'डाळिंब'. डाळिंबी उसळ! मोड आलेले कडवे वाल सोलले, की दाणे डाळिंबासारखे दिसतात, म्हणून हे नाव. तिच्यात डाळिंब औषधालाही नाही. पण लोह मात्र खऱ्या डाळिंबाच्या कितीतरी पट. मोड आणल्याने ते अंगी लागायला मदत होते, आणि वर लिंबू पिळलं की आणखी. शेजारी अळिवाचा लाडू, पालेभाजी, बाजरीची भाकरी. खाणाऱ्यांनी मासे-मटण. रक्ताची काळजी असेल, तर ताट असं हवं.

(प्रश्न : सोलापूरच्या नव्या जातीत लोह जास्त आहे म्हणतात, ते खरं का?)

चांगला प्रश्न. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर लाल' ही जात काढली आहे. त्यांच्या आकड्यांनुसार तिच्या १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह आहे, भगव्याच्या साधारण दुप्पट. त्यांचा भगव्याचा आकडाही मी सांगितलेल्या तक्त्यांहून बराच जास्त आहे. जमीन आणि तपासणीची पद्धत बदलली की आकडे बदलतात. पण सगळ्यात वरचा आकडा धरला, तरी तो दिवसाच्या गरजेचा पाचवा भाग होतो. आणि वनस्पतींमधल्या लोहाचा थोडाच अंश आपलं शरीर घेऊ शकतं. म्हणजे जात चांगली, जरूर खा, पण गोळीची जागा ती घेणार नाही.

(प्रश्न : मधुमेह आहे. रस चालेल का?)

२०० मिलिलिटर रसात साधारण २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. त्यापेक्षा मूठभर दाणे चावून खा, आणि किती खायचे ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

तर घरी जाताना डाळिंब जरूर घ्या. चवीसाठी घ्या, आजाऱ्याला प्रेमाने द्या. फक्त घरातली मुलगी, सून, आई दमत असेल, तर रक्ताची तपासणी करून घ्या आणि दिलेली गोळी रोज पोटात जातेय ना, ते बघा. दाणे सोलायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात ते विचारून होतं.